काजू छाप, नंबर एकोणीस

दुपारचे तीन. लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवून मी माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानातल्या फळीवर आडवा झालोय. पाच मिनिटं, जास्त नाही, असं स्वतःला बजावलंय. डोळे मिटले की पापण्यांआड लाकडाचा भुसा तरंगतो. बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडतंय, ते भांडण हळूहळू लांब जातंय.

पोटावर एक पट्टी धरलीय. वीतभर लांब, बोटभर रुंद, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळती. एका गिटारीचं छत, म्हणजे वरची फळी, उघडलं तेव्हा तिच्या पोटातून निघालेली. ती परत आत चिकटवायची की कचऱ्यात टाकायची, हे मला पाचच्या आत ठरवायचंय. पाचला आंतोनेतबाई लोबो काम कुठवर आलं ते बघायला येणार आहेत. वय चौऱ्याहत्तर, बोटं सुजलेली. रविवारी चर्चच्या फेस्ताला, सणाला, त्या शेवटचं वाजवणार आणि नंतर मुलाकडे वसईला जाणार. गिटार माझ्याकडे देताना एकच बोलल्या, "दिगू, रूप गेला तरी चलात. आवाज तोच व्हयो."

ही गिटार तुम्ही कुठे पाहिली नसणार. भोकाखाली एक लाल काजू रंगवलाय, बोंडासकट. आत चिटोऱ्यावर लिहिलंय : काजू छाप, नंबर १९, पु. चितारी, सावंतवाडी. मी तीन खेपा सावंतवाडीला जाऊन विचारलं. लाकडी फळं करणाऱ्यांच्या आळीत दोघा म्हाताऱ्यांना आठवलं. पुंडलिक चितारी, लाकडाचे आंबे-केळी करणारा माणूस. मध्येच त्याला गिटारीचं वेड लागलं. सगळ्या मिळून सत्तावीस केल्या. मेला त्याला एकतीस वर्षं झाली. गिटारींवर जाडजूड पुस्तकं निघतात, त्यांत परदेशातल्या कारखान्याच्या फाटकाचासुद्धा फोटो असतो. या माणसावर अर्धी ओळ नाही. कारण काय, तर तो खेळणीवाला.

पट्टीचा फोटो मी शहरातल्या एका तज्ज्ञाला पाठवला. इतर आडव्या पट्ट्यांमध्ये ही एकटीच तिरकी का, विचारलं. दोन तासांनी उत्तर आलं : "अडाणी काम. हिला तिथे काहीच अर्थ नाही. काढून टाका."

अडाणी. मी आठवी नापास. बाजाच्या पेट्या आणि गिटारी मोडून मोडून दुरुस्त करायला शिकलो, लिहायलाही तसाच शिकलो. हा शब्द मला कुठे लागतो ते मला माहीत आहे. आणि खरं सांगतो, लागला तरी त्याच्यावरच विश्वास बसला. पट्टी सकाळपासून कचऱ्याच्या डब्याच्या काठावर ठेवली होती. आडवं होताना का उचलली, कुणास ठाऊक.

"सरस करपतलो, मेल्या."

मी डोळे उघडत नाही. तरी दिसतंय. सरसाच्या भांड्याशी एक माणूस उकिडवा बसलाय. बंडी, गुडघ्यापर्यंतचं धोतर, कानावर पेन्सिल. तो काडीने सरस ढवळतो आणि दोन बोटांत ताणून बघतो.

"पाणी जास्त झाला. चाय करतंस काय सरस?"

"कोण तुमी?"

"ज्याच्या गिटारीचो कोथळो काढून ठेवलंस, तो."

मी उठून बसतो. म्हणजे फळीवर झोपलेला मी तसाच राहतो आणि दुसरा उठून बसतो. मला याचं काही वाटत नाही.

"पुंडलिक मेस्त्री? तुमका जावन एकतीस वर्सां झाली."

"एवढी? माका वाटला, आत्ताच चाय पिऊक उठलंय."

तो हसतो. वरचा एक दात नाही. मी पुढे होतो, आणि माझ्या दुकानाची भिंत असायला हवी तिथे आळी आहे. दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर लाकडी फळं. आंबे, केळी, सीताफळं, पेरू. एकावर माशी बसते, चालते, फसवली गेल्यासारखी उडून जाते. मेस्त्री लाकूड फिरवायच्या कातावर बसलाय. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी लावतो, लाल रंग चढतो, मग केवड्याचं पान दाबून तो चमकवतो. लाख तापल्याचा गोड वास येतो. माझ्या दुकानात लाख नाही, कधीच नव्हती. मी पेट्यांना पॉलिश मारतो, डब्यातलं.

तयार झालेला एक आंबा तो हातात फिरवतो आणि सरळ चुलीत टाकतो.

"मेस्त्री! बरो होतो की तो."

"बरो होतो. पिकलेलो नव्हतो."

"लाकडाचो आंबो पिकता?"

"माका नाय विचारू. माशयेक विचार."

दुसरा आंबा तो बराच वेळ बघतो. मग त्याच्या बुडाशी लाखेचा एक थेंब टेकवतो. लाल टिकली. आंबा ओट्यावर जातो. आता मला दिसतं की ओट्यावरच्या प्रत्येक फळाच्या बुडाशी तशी टिकली आहे. एकोणीस नंबरच्या आत, चिटोऱ्याच्या शेजारीही एक लाल ठिपका आहे. मी तो रंग सांडला असं समजून खरवडणार होतो.

"ही पट्टी," मी हात पुढे करतो. माझा आवाज चढतो, तो नेहमीच चढतो. "ही तिरकी पट्टी तुमी कित्याक लावलात? तो शहरातलो म्हणता, अडाणी काम."

"थंय होती म्हणान."

"खंय?"

"कायतानच्या गिटारीत."

कायतान, आंतोनेतबाईंचा बाप. आता आम्ही चर्चच्या माडीवर आहोत, जिथे गाणारे उभे राहतात. बाकावर एक परदेशी गिटार उताणी पडलीय. मेस्त्री तिच्या भोकातून एक छोटा आरसा आत सोडतोय, दोऱ्याला बांधून, विहिरीत तांब्या सोडावा तसा.

"बायलेचो कुंकवाचो आरसो," तो म्हणतो. "ती तीन दीस माझ्याशी बोलाक नाय. कायतानान एक दीसच गिटार दिल्यान. उघडूची नाय म्हणालो. मगे काय करू? आरशात बघितलंय आणि जा दिसला ता कागदावर काढलंय. एक पट्टी, दोन पट्टी, मधी ही तिरकी."

"मगे?"

"मगे काय. ता ठिगळ होता."

"काय?"

"कायतानच्या गिटारीक चीर गेलेली. कोणीतरी आतसून ठिगळ मारल्यान. माका काय म्हायत? मी जन्मात गिटार बघूक नाय. माका वाटला, गिटारीक अशीच पट्टी आसता." तो मांडीवर थाप मारून हसतो. "अकरा गिटारींत मी ठिगळ मारलंय, मेल्या! चीर नाय, फक्त ठिगळ!"

मला हसू येत नाही. म्हणजे तज्ज्ञ बरोबर होता. मी ज्याच्यासाठी तीन खेपा घातल्या, ज्याच्या बाजूने रागाने कागद काळे करायला निघालो, तो माणूस एका चुकीची नक्कल करत होता.

"कोणी सांगल्यान तुमका?"

"एक बँडवालो इलो. आत हात घातल्यान आणि इतको हसलो की त्याका ठसको लागलो. म्हणालो, मेस्त्री, तुमी शर्टाची नक्कल करताना फाटलेला कोपरसुद्धा शिवलात."

"लाज नाय वाटली?"

"दोन दीस वाटली. जेवलंय नाय. मगे बारावी केलंय, पट्टीशिवाय. वाजवन बघितलंय."

"मगे?"

आम्ही गिटारीच्या आत आहोत. माथ्यावर शिवणीच्या लाकडाचं छत, त्याला आडवे वासे. बाजूच्या भिंती फणसाच्या, पिवळ्या, कमरेशी आत वळलेल्या. वर गोल भोक, त्यातून दुपार खाली पडतेय. मेस्त्री बोटाच्या पेराने छत ठोकतो.

"आईक."

आवाज येतो आणि तिथल्या तिथे पडतो. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा.

"ही बारावी. आता ती पट्टी धर. दाबून धर. सरस नको, हातान."

मी पट्टी छताला लावतो. जाड टोक कुठे? मी त्याच्याकडे बघतो. तो छताकडे बघतोय. मी जाड टोक भोकाकडे धरतो. तो ठोकतो. नाही. मी पट्टी फिरवतो, जाड टोक लांब, निमुळतं भोकाकडे. तो ठोकतो.

काय सांगू. आवाज छतातून निघून फणसाच्या भिंतींत शिरतो, तिथून माझ्या तळपायांत. मग तो जात नाही. कुणीतरी जेवून उठल्यावरही त्याचं बोलणं घरात राहतं, तसा राहतो. मी पट्टी तशीच दाबून उभा आहे आणि लाकूड कुठे संपतं, माझे हात कुठे सुरू होतात, कळत नाही.

"म्हणान बाराव्येक परत उघडलंय," मेस्त्री हळू म्हणतो. "पट्टी घातलंय. मगे सत्ताविसांतसून एकातसूनसुद्धा काढूक नाय. पयल्या अकरांत माका म्हायत नव्हता म्हणान घातलंय. पुढच्यांत म्हायत होता म्हणान."

"आणि ती लाज?"

"ती त्या बाराव्येच्या आत खंयतरी पडली. मगे गावली नाय."

मला एकदम राग येतो. त्याच्यावर नाही. "मेस्त्री, ह्या तुमी कोणाक सांगूक व्हया होता! लिहून ठेवूक व्हया होता! तो माणूस फोटो बघून अडाणी म्हणता. त्याना एकदा तरी ठोकून बघितल्यान?"

"फोटो ठोकून आवाज येता काय?"

"तसा नाय..."

"तू तरी सकाळपासून ठोकून बघितलंस?"

वरच्या भोकातून दोऱ्याला बांधलेला आरसा खाली येतो. त्यात मी दिसतो. पट्टी डोक्यावर धरून उभा असलेला, आठवी नापास, तोंड उघडं. वरून आंतोनेतबाईंचा आवाज येतो, "झाला काय रे दिगू?"

"बोलतंस भारी," मेस्त्री म्हणतो. "आवाज चढवतंस, लिवतंस. पण त्याचा एक वाक्य वाचलंस आणि पट्टी कचऱ्याच्या डब्यार. आयकलंस कधी?"

"आत्ता."

"आत्ता कसो होतो?"

"पिकलेलो," मी म्हणतो. माझ्या तोंडून तेच निघतं.

तो माझ्याकडे बघतो. त्या आंब्याकडे बघितलं होतं तसंच, बराच वेळ, फिरवून फिरवून. चुलीत टाकणार की काय, असं वाटण्याइतका वेळ. माझ्याकडे आजवर कुठल्या जाणत्या माणसाने असं बघितलेलं नाही. जाणत्यांनी बघायच्या आधीच काय ते सांगून टाकलं.

मग तो कानावरची पेन्सिल काढतो. ती पेन्सिल नाही, लाखेची कांडी आहे, टोकाशी मऊ झालेली.

"हात हाड हकडे."

मी पट्टी सोडत नाही. दुसरा हात पुढे करतो. तो माझा अंगठा धरतो. त्याची बोटं खडबडीत आणि कोमट आहेत. चटका बसतो.

"आई गं!"

मी फळीवर उठून बसलोय. एकच मी. रिक्षावाल्याचं भांडण मिटलंय. चार वाजून दहा मिनिटं. भांड्यातला सरस कडेने घट्ट झालाय पण करपलेला नाही. मी बोटांत ताणून बघतो. आता बरोबर आहे.

पट्टी माझ्या उजव्या हातात आहे, मुठीत इतकी आवळलेली की तळव्यावर तिचे काठ उमटलेत. डावा अंगठा चुरचुरतोय. मी तो खिडकीशी धरतो.

नखावर लाल टिकली आहे. गोल, चकचकीत, मुगाएवढी. दुसऱ्या नखाने खरवडतो, निघत नाही. वास घेतो. लाख.

लाख स्पिरिटने निघते. स्पिरिटची बाटली हातभर अंतरावर आहे, फडकंही तिथेच.

मी बाटलीचं बूच आणखी घट्ट करतो. गिटारीचं छत गुडघ्यांवर उलटं घेतो, पट्टी धरतो, निमुळतं टोक भोकाकडे, आणि पेराने ठोकतो. ऐकतो. मग ब्रश सरसात बुडवतो.