निम्म्या वेगाची जर्मन

मला जर्मन येते. फक्त निम्म्या वेगानं येते.

त्याचं असं झालं, आमची लेक वर्षा नोकरीला जर्मनीत गेली आणि तिथल्याच एका पोराशी लग्न करते म्हणाली. पोरगं गुणाचं. घोडं अडलं ते त्याच्या आईपाशी! दर वेळी तिचं एकच, "घाई कशाला? दोन वर्षांनी बघू." इकडं आमच्या हट्टा गावात भावकी रोज विचारून राहिली, "काय, ठरलं का?" म्हटलं, आता विहीणबाईंशी त्यांच्याच भाषेत बोलू.

मोबाइलवर एक जुनी, नावाजलेली जर्मन कादंबरी ऐकायला घेतली. हळद शिजवताना कानात तीच! पण वाचणारा असा सुसाट, की शब्द हाती लागेना. मग वेग निम्मा केला. आहाहा! आता एकेक शब्द बैलगाडीतून उतरल्यासारखा. (मधल्या वेळात चहा पिऊन घ्यावा!) त्यातलं पाहुण्यांच्या स्वागताचं एक लांबलचक वाक्य मी त्याच चालीवर, त्याच घोगऱ्या आवाजात पाठ केलं.

"अवो, झपाटलं का काय तुमाला?" बायको म्हणाली.

"गप! साहित्य हाये हे!"

व्हिडिओ कॉलचा दिवस उजाडला. मी फेटा बांधून पुढं, शेजारी बायको, मागं आमचे चुलते नाना आणि त्यांच्या मागं झाडून सगळी भावकी. वर्षा कामावरून त्यांच्या घरी पोचायच्या आतच विहीणबाईंचा फोन आला. मी छाती फुगवून वाक्य सुरू केलं. पहिला शब्द संपेस्तोवर नानांना जांभई आली.

विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दोन्ही हात वर करून मला खूण केली.

"काहून हात वर करून राहिल्या?" नाना.

"त्यांच्याकडचा नमस्कार असंल. करा, करा!"

वरपक्षाचा मान! सगळ्या भावकीनं हात वर केले. मग विहीणबाईंनी दात दाखवले. आमीही दाखवले. मग त्यांनी चक्क जीभ बाहेर काढली!

"आता हे काय वो?" बायको कुजबुजली.

"रीत असती एकेकाची. पोरीचं जमवायचं न्हाई का? काढ जीभ!"

तिनं काढली. नानांनी कवळी सांभाळत काढली!

तेवढ्यात वर्षा धापा टाकत पडद्यावर आली. "बाबा! सासूबाई नर्स हायेत. बोलणं जड झालंय, तुमाला लकवा मारला म्हणतेत! तपासून राहिल्या त्या! आन् मागं सगळे जीभ काढून काहून बसलेत?"

"लकवा? अगं, शुद्ध जर्मन हाये ते!"

तिनं परोपरीनं समजावलं, पण विहीणबाईंना काही पटलेलं दिसेना. शरमेनं माझं पाणी पाणी झालं. पोरीचं जुळत आलेलं लग्न मी माझ्याच तोंडानं मोडलं! दोघी हळू आवाजात बोलत बसल्या आणि इकडं आमचा जीव टांगणीला.

"काय म्हणतेत?" मी भीत भीत विचारलं.

वर्षा हसू दाबत म्हणाली, "दोन वर्षं थांबायचं न्हाई म्हणतेत. लग्न येत्या महिन्यातच उरकू. बाप हाये तोवर!"