दुपारची वीस मिनिटं

कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी ती बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात कामावर परतली. दुपारपर्यंत दुधानं छाती दगडासारखी व्हायची आणि घरी तान्ही लेक रडून घर डोक्यावर घ्यायची.

"अशानं दूध आटेल. बाटलीची सवय लाव," सासूबाई म्हणाल्या.

"आटू कशाला देईन? उद्यापासून दुपारी तिला कारखान्यात घेऊन या."

त्याच सकाळी कामावर पोचताच ती थेट मुकादमापुढे उभी राहिली. "दुपारी वीस मिनिटं कापडाची खोली मला हवी. दाराला पडदा मीच शिवते."

मुकादमानं डोकं खाजवलं. "आणि काम?"

"माझं काम कधी मागं राहिलंय?"

त्यानं होकारार्थी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी लेक त्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला पोटभर प्यायली आणि तिथंच झोपली. महिन्याभरात आणखी दोघी जणी आपापली बाळं घेऊन तिच्या शेजारी बसू लागल्या.