लाल ठिपक्याचं मॅगझीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा इकडचं तिकडचं बोलते आणि हे तेवढं वगळते – जसं काही त्याला ठाऊकच नसेल! आज तुमच्याजवळ बोलायला बसलेय, तर कुठून सुरू करू तेच कळत नाही.

वहिनींपासून करते. माझं सगळंच तिथून सुरू होतं.

मी किनवटकडची. आई लवकर गेली, मामाकडे वाढले, सहावीत शाळा सुटली. शेजारी बँकेतले साहेब आणि वहिनी भाड्यानं राहायचे, त्यांच्याकडे मी धुणंभांडी करायची. विशीला आले तेव्हा मामानं एका बिजवराशी माझं ठरवलं. त्याची थोरली मुलगी माझ्या बरोबरीची होती. तेवढ्यात साहेबांची बदली पनवेलला झाली आणि वहिनी म्हणाल्या, "हिला आम्ही नेतो. तिकडे कोण मिळणार आम्हाला?" पगार मामाकडेच जाणार होता, तेव्हा तो हो म्हणाला. पण स्टँडवर मला बाजूला घेऊन म्हणाला, "परत आलीस की दुसऱ्या दिवशी अक्षता." वहिनींनी ते ऐकलं नाही. मी ते पनवेलपर्यंत पोटात घेऊन आले.

वहिनी पिस्तूल चालवायच्या. दचकू नका, स्पर्धेतलं पिस्तूल. कॉलेजात एनसीसीत शिकलेल्या, लग्नानंतर सुटलं होतं. पनवेलला आल्यावर मुंबईची नेमबाजीची रेंज जवळ झाली म्हणून पुन्हा धरलं. साहेब चेष्टा करायचे, "नेम कुणावर आहे ते आधी सांग बाई, विमा वाढवून ठेवतो." वहिनी म्हणायच्या, "तुमच्यावर कुठे गोळी वाया घालवू? महाग असते ती."

महाग असायचीच, आणि मिळायचीही मोजकी. म्हणून घरी रोज ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीशिवायचा सराव. भिंतीवर काळा ठिपका, त्यावर नेम, चाप ओढला की नुसतं टक्. नळीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं काम माझं. टक् झालं आणि नाणं पडलं, की हात हलला. पण रिकामं मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, घातलं, की पिस्तुलाचा वरचा भाग दर वेळी मागेच अडकून बसतो, पुढे सराव होत नाही. त्यासाठी खोटं मॅगझीन लागतं, आतली स्प्रिंग काढलेलं. आणि ते गोळ्या भरलेल्या मॅगझीनइतकं जड हवं, नाहीतर हाताला खोटी सवय लागते. त्यातून वहिनींच्या पिस्तुलात मॅगझीन चापाच्या पुढे बसायचं. तिथलं वजन सरळ मनगटावर येतं. हे सगळं वहिनींनीच मला समजावलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ते खोटं मॅगझीन मीच बनवलं. मोरा बंदराहून मासे घेऊन येणारी एक मावशी बाजारात बसायची, तिच्याकडून जाळ्याची शिशाची वजनं मागून आणली. "शिसा कनाला पायजे गो तुला?" ती हसली, "कोनाला बुरवाचाय काय?" – कुणाला पाण्यात बुडवायचंय का, म्हणून. तुकडे करून भरले, वरून मेणबत्तीचं मेण ओतलं. वहिनी ते सोनाराच्या काट्यावर तोलून आल्या. सोनार म्हणाला म्हणे, "लोक सोनं मोडायला येतात, तुम्ही शिसं घेऊन आलात?" खऱ्या मॅगझीनशी गल्लत होऊ नये म्हणून वहिनींनी त्यावर स्वतःच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि मला म्हणाल्या, "तुझा हात सफाईचा आहे गं." इतकं चांगलं मला आधी कुणी म्हटलं नव्हतं.

मग निवड चाचणी आली. त्यात नाव लागलं असतं, तर पुढे दिल्लीला शिबिर. वहिनींनी कित्येक वर्षं ज्याची वाट पाहिली ते.

संध्याकाळी दोघं चहा पीत होती, मी आत कणीक मळत होते. साहेब म्हणाले, "तू दिल्लीला गेलीस तर मी पुण्याला आईकडे राहीन. हे घर बंदच करू." वहिनी म्हणाल्या, "आणि ही? हिला काही महिने गावी पोचवू. बिचारीला आपली माणसं तरी भेटतील."

किती मायेनं म्हणाल्या.

तेव्हा उठून एवढंच म्हणायचं होतं – वहिनी, मला परत पाठवू नका. का नाही म्हटलं? ज्यानं इतकं दिलं त्याच्याकडे आणखी काय मागायचं, असं वाटलं. मागायची लाज वाटली. मग जे केलं, त्याची कशी नाही वाटली?

चाचणीसाठी गोळ्या राखून ठेवायच्या म्हणून शेवटचे काही आठवडे वहिनी रेंजवर गेल्याच नाहीत, सगळी ड्राय प्रॅक्टिस. पाहुण्यांना पक्षी दाखवायला त्या कर्नाळ्याला गेल्या, त्या दुपारी मी शिवणयंत्राच्या खणातून लाल ठिपक्याचं मॅगझीन काढलं. मेण सोडवलं. शिशाचा एक तुकडा काढला, जागी पुठ्ठ्याची घडी बसवली, वर पुन्हा मेण. एकच तुकडा. एकदम काढले असते, तर हाताला कळलं असतं ना? म्हणून पुढे जमेल तसा आणखी एक. मग आणखी एक. तुकडे मोगऱ्याच्या कुंडीत खोल दाबले. रागाच्या भरात एकदा घडलं असतं तर निराळं. मी हे पुन्हा पुन्हा केलं, आणि दर वेळी हात धुऊन त्यांच्यासाठी चहा टाकला.

वहिनींचं नाणं पडेनासं झालं. एक दिवस मला गदागदा हलवून म्हणाल्या, "हात बसला गं! पिस्तूल पिसासारखं वाटायला लागलंय." मी हसले. हो, हसले.

चाचणीहून परत आल्या त्या सरळ मोरीत जाऊन खूप वेळ हात धूत राहिल्या. थोडक्यात नाव हुकलं होतं. "जड लागत होतं," म्हणाल्या, "माझंच पिस्तूल, पण दुसऱ्या कुणाचं धरल्यासारखं. सगळ्या गोळ्या खाली." तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, मनगट कच्चं आहे.

एवढ्याशा शिशानं काय होणार, असं तुम्ही म्हणाल. मीही मनाशी ते म्हणून पाहिलंय. कदाचित काहीच झालं नसेल. कदाचित नाव तसंही हुकलंच असतं. पण हे आता कधीच कळणार नाही, आणि ते मी केलंय.

त्यानंतर वहिनींनी पिस्तूल धरलं नाही. वर्षाच्या आत विकून टाकलं. मला वाटलं होतं एवढ्यावर संपेल. पण ते मनगट त्यांच्या डोक्यातच बसलं. लुना चालवायचं सोडलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागल्या. कुणी तान्हं मूल पुढे केलं, तर म्हणायच्या, "नको बाई, माझा हात कच्चा आहे." हसत म्हणायच्या. चांगला हात होता तो. तो किती चांगला होता ते मला माहीत होतं. नाणं मीच ठेवायची ना.

आणि मी राहिले. पुढे धीर करून मामाचं ते बोलणं त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "वेडी का काय! आधी बोलली असतीस, तर माझ्या बहिणीकडे ठेवलं असतं की तुला." इतकं सोपं होतं ते. त्यांनी मला बाहेरून दहावी करवली, लग्न लावून दिलं, पहिलं बाळंतपण स्वतःच्या घरी केलं. जितकं देत गेल्या, तितकं सांगणं अवघड होत गेलं. खोटं मॅगझीन त्यांनी मलाच दिलं – "तुझ्या हातचं आहे, ठेव." ते ट्रंकेत आहे. ठिपका अजून लाल आहे.

साहेब आता नाहीत. वहिनींची नजर गेलीय. मी रोज दुपारी जाते, त्यांना पेपर, मासिकं वाचून दाखवते. कुणी आलं की माझी ओळख करून देतात, "ही होती म्हणून माझा सराव व्हायचा." मी मान खाली घालते. येणाऱ्याला तो विनय वाटतो.

हे तुमच्या मासिकात छापून आलं, तर त्यांच्या घरीही येईल. टेबलावर पडेल, त्या चाचपून विचारतील, "आज काय आहे गं त्यात?" त्यांना वाचून दाखवणारी मीच आहे. ही पानं मी उलटून पुढे जाईन.