वद्य तृतीयेची घोंगडी

हेमावती माझी धाकटी जाऊ. गेली तेव्हा पन्नाशीला दोन वर्षं कमी होती. आता ती नाही, तिचे यजमान आप्पा भावजी नाहीत, आत्याबाई तर त्यांच्याही आधी गेल्या. म्हणून लिहिते.

तिच्याविषयी लिहायचं तर आधी माझा हेवा कबूल करायला हवा. देवापुढं दिवा लावून रोज वहीत चार ओळी लिहायची सवय आहे, आणि त्या वहीत मी खोटं लिहीत नाही.

ती अक्कलकोटकडची. भाकऱ्या मोजायची त्या कानडीत. तिची कडक भाकरी कागदासारखी पातळ, आठ दिवस टिकायची. माझी दुसऱ्या दिवशी वातड. मला चार मुलं, तिची कूस उजवली नाही. तरी हेवा करायची ती मी. माणसाच्या मनाचा काय भरवसा!

पंचेचाळिसाव्या वर्षी माझं बाहेरचं बसणं कायमचं बंद झालं. सगळ्या म्हणाल्या, सुटलीस, नशीब काढलंस. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या ह्यांच्या आत्यानं, पुढं होऊन माझं ऋषिपंचमीचं उद्यापन करवलं. आता महिन्याचे तीसही दिवस देव माझे होते. तीसही दिवस चूलही माझीच असणार, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आणि आतून वाफा उठायच्या. पौषात, गड्ड्याच्या जत्रेतल्या थंडीत, ओलं सोवळं अंगावरच वाळायचं. वैद्य म्हणाले, उष्णता आहे, गुलकंद घ्या. शेजारच्या नीलम्माला विचारलं. तिच्या गळ्यात लिंग. ती कधीच बाहेर बसली नव्हती. गळ्यातला देव चार दिवस काढून कुठं ठेवायचा, असं म्हणून ती हसली. तिचं आलं काय नि गेलं काय, पूजा चालूच. तिचाही हेवा वाटला.

पण खरा हेवा हेमावतीचा. दर महिन्याला ती मागच्या पडवीत घोंगडी टाकून चार दिवस बसे. चूल नाही, पाणी भरणं नाही. जर्मनचं ताट मी लांबून सरकवायचं आणि तिनं ऊन ऊन जेवायचं. आणि दुपारी आप्पा भावजी खुर्ची घेऊन अंगणात दहा पावलं लांब बसायचे आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. कापसाचा भाव, गिरणीतला संप, कुठल्या गावी वीज पडली, सगळं. मध्येच ती काहीतरी विचारायची आणि दोघं हसायची. आमच्या ह्यांनी तीस वर्षांत मला "मीठ कमी आहे" यापलीकडं काही वाचून दाखवलं नाही. मी आत भाकरी थापायची आणि कान पडवीकडं.

गोजरबाई सुपं-टोपल्या घेऊन यायची. सरकारनं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, तारेच्या कुंपणातल्या वस्तीतली कैकाडी बाई. पास घेऊन बाहेर पडायची आणि हजेरीच्या वेळेआधी परतायची. एका दुपारी परसात सूप पारखताना मला घाम फुटला तसं तिनं विचारलं, थांबलं का. मी म्हटलं, सुटले बाई. तिला त्या शब्दाचं हसू आलं.

"तुमच्यात सुटलं म्हंत्यात. आमच्या घरी माजं थांबलं तवा सासूनं कोयता दिला हातात. त्याआदी त्या चार दिसांत बांबूला हात लावू देत नव्हती, चिरतो म्हनायची. आता कापायचं माज्याकडं, वळायचं सुनांकडं. सुटतीया कोन? वर चढवत्यात, एवढंच."

मग वाफांचं सांगितलं. चूल विझली तरी राख लई येळ ऊन ऱ्हाती, भ्यायचं न्हाय, म्हणाली. आणि सुपाचे पैसे कमरेला खोचताना सहज बोलून गेली, "धाकल्या बाईबी हेच इचारत हुत्या की."

धाकल्या बाई म्हणजे हेमावती. तिला कशाला वाफांची चौकशी?

मी घरात येऊन वही काढली. घरात कोण बाहेरची हे मी रोज लिहिते, कारण स्वयंपाकाचं त्यावर ठरतं. मागची पानं चाळली. माझ्या जुन्या नोंदी वेड्यावाकड्या, कधी पंधरा दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. हेमावतीच्याही पूर्वी तशाच. पण गेलं वर्षभर? वद्य तृतीया. वद्य तृतीया. पुन्हा वद्य तृतीया. संकष्टी आणि रंगपंचमी सोडली तर त्या चार दिवसांत सहसा सण येत नाही. आणि मग आठवलं, कुंपणाआड वाळत घातलेली फडकीही कित्येक महिन्यांत दिसली नव्हती.

एवढा संताप आला की काय सांगू. मी घामानं निथळत चुलीशी, आणि ही ढोंग करून पेपर ऐकते!

पुढच्या तृतीयेला ताट सरकवताना मी म्हटलं, "हेमा, तुझा कावळा पंचांग बघून येतो की गं."

तिच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मग हळूच म्हणाली, "अक्का, आत्याबाईंना सांगणार?"

मग कळलं. आत्याबाईंनी वळसंगच्या कुळकर्ण्यांची मुलगी भावजींसाठी पाहून ठेवली होती. भावजी हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. शेवटी आत्याबाईंनीच ठरवलं होतं: हेमावतीचं चालू आहे तोवर वाट बघू, बंद झालं की त्याच महिन्यात बार उडवू. आणि तिचं चाळिशीच्या आतच बंद झालं होतं. जे झाल्यावर मला पुरणाचं जेवण घातलं, तेच तिच्या घरात सवत आणणार होतं.

मला दया आली असं लिहिलं तर ती लबाडी होईल. आली थोडी. पण त्याच दुपारी भावजींनी वाचायला सुरुवात केली आणि माझा जीव पुन्हा जळू लागला. एक शब्द आत्याबाईंच्या कानावर घातला की हा पेपर बंद, हे मनात येऊन गेलं. एकदा नाही, पुष्कळदा.

भाद्रपदात ऋषिपंचमीला आत्याबाई आल्या. पाटावर सात सुपाऱ्या मांडलेल्या, बैलाच्या कष्टाचं काही न घालता केलेली भाजी पानात. विटाळात कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीचं पाप या दिवशी धुतलं जातं, आणि नेमका तोच दिवस बघून आत्याबाईंनी हेमावतीसमोर मला विचारलं, हिचं उद्यापन कधी करायचं. मी म्हटलं, गेल्या तृतीयेला बसली होती की. एवढं खरं होतं.

"बसली ते ठाऊक आहे," आत्याबाई म्हणाल्या. "ताट तू वाढतेस. तू सांग. आहे की नाही?"

हेमावती सुपारीवरचं फूल सारखं करत होती. फूल केव्हाच सारखं झालं होतं.

ऋषींसमोर, उपाशी पोटी, मी म्हणाले, "आहे."

का म्हणाले? अशुद्ध असून शुद्ध म्हणवणं हे पाप; शुद्ध असून अशुद्ध म्हणवणाऱ्या बाईला कुठल्या पोथीत शिक्षा सांगितली आहे ते मला सापडलं नाही. माझ्या खोट्याला मात्र असेल. त्यासाठी वर्षभर सोमवार धरले. त्या दिवशी वहीत तिथी आणि भाजी एवढंच लिहिलं.

वळसंगचे लोक किती थांबणार? फाल्गुनात त्या मुलीचं लग्न मोहोळला झालं. बातमी आली त्यानंतरच्या वद्य तृतीयेला मी पहाटे उठले तर हेमावती न्हाऊन, ओलं सोवळं नेसून चुलीपाशी.

"अक्का, आज तुम्ही बसा."

मी म्हटलं, वेडी आहेस, माझं उद्यापन झालंय. ती म्हणाली, मोठीचं सेहेचाळिसाव्या वर्षी परत आलं तर धाकटीचं संपलं असं कोण म्हणेल? दुसरी मुलगी बघायला आत्याबाईंना किती वेळ लागतो? आणि मग, पीठ चाळता चाळता, "आणि तुमचे पाय सुजलेत."

मी बसले. देवाला चार दिवस अंतर पडलं, त्याचं वाईट वाटलं. ते खरं. आणि त्या घोंगडीवर पाठ टेकली तेव्हा रडू आलं, तेही खरं. तिनं ताट सरकवलं. भाकरी पातळ, वर शेंगांची चटणी, त्यावर तूप. मी तिला कधी चटणीवर तूप वाढलं नव्हतं.

दुपारी आप्पा भावजी सवयीनं खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन अंगणात आले. घोंगडीवर मला पाहून थबकले. मग खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवली.

तिथून वाचलेलं पडवीत नीट ऐकू येत नाही.