मराठीत रडता येत नाई

एका शाळेत, एकाच क्वार्टरच्या ओळीत वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. ऐकायला माणूस नसला की जरा जास्तच साचतात. ऐंशीच्या दशकात मी अहेरीच्या पुढे, जंगलातल्या एका आश्रमशाळेत मास्तर होतो. तिथले हे काही.

* * *

रुजू झालो त्या दिवशी हेडसरांना विचारलं, इथे लोक संध्याकाळी काय करतात?

"काई नाई," ते म्हणाले. "संध्याकाळ होऊ देते."

* * *

हेडसर एकटेच राहायचे. शिस्त कडक. शाळेत आणि वसतिगृहात पोरांनी त्यांची घरची गोंडी बोलायची नाही, हा त्यांचा नियम. जो बोलेल त्याने व्हरांड्यात उभं राहायचं. नववीतली सुक्की नेहमी तिथेच दिसायची. एकदा तिला विचारलं, आज काय बोललीस?

"आज नाई, गुरुजी. काल झोपेत बोलली."

* * *

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात माझा एक इंजिनीअर मित्र होता, सिनेमाचा वेडा. तो एकदा जीपमध्ये प्रोजेक्टर आणि एक जुना जपानी सिनेमा टाकून आला. गोष्ट निघाली एका कडक हेडमास्तरची आणि त्याच्याविरुद्ध मैदानात बसून राहणाऱ्या विद्यार्थ्यांची. आधी माहीत असतं तर लावलाच नसता.

पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं. मी त्यांचं मराठी करून सांगू लागलो. धाकट्यांना तेही समजेना, म्हणून सुक्की गोंडीत सांगू लागली. हेडसर मागे खुर्चीत होते, पण त्यांनी अडवलं नाही. माझं एक वाक्य झालं की तिची चार व्हायची. पडद्यावरचा हेडमास्तर नुसता खिडकीबाहेर बघत होता आणि आमची पोरं पोट धरून हसत होती. ही काय सांगते, मित्राने विचारलं. मला काय माहीत!

हेडसरांना तेवढ्यात खोकला आला.

* * *

दुसऱ्या दिवशी घंटा झाली, पण वर्गात कोणी गेलं नाही. सगळी पोरं सिनेमातल्यासारखी मैदानात गप्प बसून राहिली. हेडसर बाहेर आले. काय पाहिजे, म्हणाले. सुक्की उभी राहिली.

"सर, लहान पोरं रात्री रडते. त्यायले मराठीत रडता येत नाई."

हेडसर म्हणाले, वर्गात मराठी, बाहेर काय बोलायचं ते बोला. आणि आत गेले. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत.

* * *

पुढच्या वर्षी हेडसर रिटायर झाले. न्यायला कोणी आलं नव्हतं. बसथांब्यावर त्यांच्यासोबत मी आणि सुक्की. बाजारातून परतणारी एक म्हातारी झाडाखाली टेकली होती. तिने त्यांना गोंडीत काहीतरी विचारलं.

हेडसर तिच्या शेजारी खाली मातीत बसले आणि गोंडीत बोलू लागले. कुठे अडखळले नाहीत. बस येईपर्यंत दोघं बोलत होते, मधेच हसत होते. सुक्की बघतच राहिली.

बस आली. त्यांची ट्रंक वर देताना मी विचारलं, "सर, तुमच्या घरी गोंडी बोलतात?"

"बोलत होतो," ते म्हणाले. "आता घरी दुसरं कोणी नाई."