पडलेलं आणि पाडलेलं

वखारीतले चाचा एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघत आणि एकदाही शेवटापर्यंत नेत नसत. जुना अमेरिकन सिनेमा, हिंदीत बोलणारा, दुबईत असलेल्या त्यांच्या मुलाने मोबाइलवर पाठवलेला. एक ठेकेदार आभाळाला टेकलेली झाडं तोडायला जंगलात येतो आणि शेवटी त्याच झाडांच्या बाजूने उभा राहतो. म्हसळ्याच्या त्या लाकडाच्या वखारीत चाचा करवतीवर होते. मी वनरक्षक, आलेले ओंडके वाहतुकीच्या पासाशी ताडून बघायला जायचो. जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइल पाण्याच्या पिंपाला टेकवून बसलेले असत.

ठेकेदाराचं मन पालटायला लागलं की ते सिनेमा बंद करत. मी एकदा कारण विचारलं.

"पुढं तो सुधरतो, साहेब," ते म्हणाले. "इतक्या लवकर कोण सुधरतो?"

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं करवतीने नेली होती. त्याबद्दल तक्रार नसे. सिनेमातले लोक करवतीच्या फार जवळ उभे राहतात, ही मात्र दरवेळी असे.

मोठं वादळ आलं त्या वर्षी बागाच्या बागा आडव्या झाल्या. लोक स्वतःच्या हाताने लावलेला आंबा टेम्पोत घालून वखारीत आणायचे. करवत सुरू करण्याआधी चाचा त्यांना समोर चहा प्यायला पाठवत.

दोन महिन्यांनी एका व्यापाऱ्याचा ट्रक आला. पासावर 'वादळात पडलेले फणस' असं होतं आणि खाली माझी सही. अर्जांच्या ढिगाला कंटाळून ती सही मी झाडं न बघताच केली होती. चाचांनी एका ओंडक्याच्या बुडाला बोट लावलं आणि माझ्यापुढे धरलं. चीक अजून ओला होता.

"हे पडलेलं न्हाय, साहेब. पाडलेलं हाय."

मी पास तसाच ट्रकवाल्याला परत दिला. पास रद्द केला असता तर चौकशी माझीच झाली असती. चाचांनी करवत बंद केली, हात धुतले आणि ते घरी गेले. वखारवाल्याने दुसऱ्या माणसाकडून ओंडके कापून घेतले. चाचांना परत बोलावलं नाही.

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती, जमलं नाही. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, स्वतः उंबऱ्यावर बसले. करवतीशिवाय कान रिकामे वाटतात, म्हणाले. निघताना मी कसाबसा विषय काढला.

"तुम्ही थकला होता, म्हायत हाय," ते म्हणाले. "थकलो तर मीपण हुतो."

चाचा गेल्या पावसाळ्यात वारले. मी अजून वनरक्षकच आहे. आता सहीआधी झाडाच्या जागेवर जातो. चढ चढवत नाही, गुडघे बोलतात, वरिष्ठ म्हणतात फार वेळ लावता. परवा अशाच एका अर्जासाठी डोंगरावर पोचलो, तर पडली म्हणून लिहिलेली सातही झाडं उभी होती. एका बुंध्याला टेकून बसलो, दम खाल्ला, आणि अर्जावर लिहिलं: 'झाडे उभी आहेत.'