क्रेटवरची मुलाखत

"कळवतो म्हणालेत," असं म्हणत ती एप्रनच्या नाड्या पाठीमागं बांधायची. मुलाखतीहून आली की तिचं पहिलं वाक्य तेच. कुठं गेली होती, कोण काय बोललं, ते सगळं नंतर. आधी नाड्यांची गाठ, मग डोक्याला टोपी, आणि मग माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहायची. सरकत्या पट्ट्यावरून डाळिंबं यायला लागायची. मी काही विचारायची नाही. मी तशीही कुणाला फारसं विचारत नाही.

आमचं पॅकहाऊस बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याला, भवानीनगरच्या थोडं पुढं. बागांतून डाळिंब येतं, ते आम्ही बायका निवडतो, पुसतो, जाळीत घालतो आणि खोक्यात भरतो. टेम्पो सकाळी गावोगावच्या बायका गोळा करून आणतो आणि संध्याकाळी सोडतो. हात चालतात तशी सगळ्यांची तोंडंही चालतात. फक्त माझं तेवढं चालत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. लिहिताना पडत नाही, म्हणून हे लिहितेय.

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा शेवंताबाईनं तिला खालून वर पाहिलं. शेवंताबाई आमची मुकादम. तिच्या नजरेतून डागी फळ सुटत नाही आणि माणूसही.

"शिकलीयस का काय?"

"बी.टेक. झालंय. फूड टेक्नॉलॉजी."

"म्हंजे?"

"अन्न कसं टिकवायचं, त्याचं शिक्षण."

"आमच्या घरात टिकतच न्हाय, तर शिकून काय करू?" शेवंताबाई म्हणाली, आणि सगळा पट्टा हसला. तीही हसली. मला ते आवडलं. शिकलेल्या माणसाला असं हसता येत नाही, असं मला उगीच वाटायचं.

तुम्हीही अशी मुलगी कुठंतरी पाहिली असेल. एसटीच्या थांब्यावर इस्त्रीचा ड्रेस घालून उभी असते, फाईल छातीशी धरलेली असते, आणि गाडी येईपर्यंत रुमालानं चपलेवरची धूळ पुसत असते. ती धूळ गाडीतून उतरल्यावर परत बसणारच असते. तरी पुसते.

ती सुप्याकडची. घरी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या. त्यांच्या भावकीत पदवी घेतलेली ती पहिली. बारामतीत एका खोलीत दोघी-तिघींबरोबर राहायची. तिला नोकरी हवी होती ती मालाची प्रत तपासणाऱ्या साहेबाची, आमच्याकडं महिन्यातून एकदा पांढरा कोट घालून येतात तशांची. सगळीकडं अर्ज करायची. बोलावणंही यायचं. मग तिथं एकच प्रश्न, अनुभव किती? नाही म्हटलं की, कळवतो.

"हे कसं हाय सांगू का," शेवंताबाई म्हणाली, "पवाय येत न्हाय म्हनून हिरीत उतरू देत न्हाईत, आन हिरीत उतरू देत न्हाईत म्हनून पवाय येत न्हाय."

'कळवतो म्हणालेत' हा शब्द मग आमच्या सगळ्यांचाच झाला. टेम्पो कधी येणार? कळवतो म्हणालेत. नवरा बाजारातून भाजी आणणार का? कळवतो म्हणालेत. ती स्वतःच सगळ्यांत आधी हसायची. पण एकदा डब्याच्या वेळी ती हसली नाही. आईचा फोन येऊन गेला होता. तिची धाकटी बहीण बारावीला होती, अभ्यासात हिच्याहून हुशार. ती म्हणायला लागली होती, मी पुढं शिकणार नाही. ताई शिकली, काय झालं? डाळिंबंच निवडतेय. तेवढ्यासाठी कशाला पुण्याला जायचं, मी आत्तापासूनच टेम्पोत बसते.

"आईनं काय सांगितलं तिला?" कुणीतरी विचारलं.

"आई म्हणाली, ताईचं होऊ दे, मग बोलू." भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. "म्हणजे माझं नाही झालं, तर तिचंही नाही."

त्या दिवसापासून क्रेटवरच्या मुलाखती सुरू झाल्या. कल्पना शेवंताबाईची. फळांचा रिकामा क्रेट पालथा घालून ती त्यावर बसली, सुपरवायझरची विसरलेली टोपी डोक्यावर घातली आणि मांडीवर मांडी टाकली. समोर दुसरा क्रेट.

"हां, बसा मॅडम. नाव ऱ्हाऊ द्या, नावानं काय व्हतंय. अनुभव किती?"

"अनुभव नाही, सर."

"मग आलाव कशाला?"

"अनुभव घ्यायला."

"घ्या की! कोन नको म्हनतंय? पर आमच्या हितं न्हाय, शेजारच्यांच्या हितं घ्या. चला, फुडचं कोन हाय?"

हसून हसून बायकांना ठसके लागायचे. रोज साहेब वेगळा. एक चहा मागायची, एक मधेच फोनवर बोलायची, एक तर तिला लग्न कधी करणार ते विचारून मोकळी व्हायची. त्यावर ती म्हणायची, "हे खरंच विचारतात, मावशी."

एक दिवस त्यांनी मला धरून क्रेटवर बसवलं. माझे कान तापले. टोपी डोळ्यांवर आली. काय विचारावं ते सुचेना, तेव्हा मी हळूच म्हणाले, "सध्या काय करता?"

"काही नाही," ती म्हणाली. "सध्या असंच, पॅकिंगला जाते."

मला काय झालं कुणास ठाऊक. "काही न्हाय कसं?" मी म्हणाले. "सकाळपासनं उभी हायेस की माझ्या शेजारी."

ती माझ्याकडं बघत राहिली. आमच्याकडं शेतात गेलं, निवडायला गेलं, खुरपायला गेलं, त्याला काम म्हणतात. अनुभव हा शब्द ऑफिसातला. तो खुर्चीवर बसून येतो, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं आणि तिलाही तसंच वाटत होतं. कुठल्याच मुलाखतीत तिनं आमचं नाव काढलं नव्हतं. लाज वाटत होती म्हणून नव्हे. ते सांगण्यासारखं असतं, हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता तिच्या कामाबद्दल. फळ वरून लाल, चकचकीत असतं, पण कधीकधी आतून काळं पडलेलं असतं. ते डोळ्यांना कळत नाही, हाताला किंचित हलकं लागतं. ते मी तिला दाखवलं. पुढच्या आठवड्यात पुस्तक बघून आली आणि मला म्हणाली, "मावशी, ती बुरशी फुलातूनच आत जाते. फळ धरायच्या आधीच." इतकी वर्षं मी ते फळ बाजूला टाकत होते, पण ते असं का होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मग आमची एक रीत पडली. हातातल्या फळाची शंका आली की न बघता शेजारणीच्या हातात द्यायचं. माझं तिच्याकडं जायचं, तिचं माझ्याकडं यायचं. बोलायचं काही नाही.

एकदा संध्याकाळी खोकी बांधून झाली, कोल्ड स्टोरेजमध्ये गेली, टेम्पोत बायका चढल्या, आणि ही खालीच उभी. चेहरा उतरलेला.

"शेवंतामावशी, माझ्या हातून एक हलकं फळ गेलंय."

"कुठं?"

"माझ्याच खोक्यांत. शंका आली होती, पण तेव्हा ह्या मावशी पाणी प्यायला गेल्या होत्या, आणि मी भरलं."

"एका फळानं काय दुनिया बुडतीय? बस टेम्पोत!"

"ते दूर जाणार आहे, मावशी. आत काळं निघालं तर सगळ्या मालाला बट्टा लागेल."

आमच्याकडं प्रत्येक बाईचा नंबर असतो, तो तिच्या खोक्यावर टाकतात. शेवंताबाईनं कपाळाला हात लावला, सुपरवायझरला बोलावलं, आणि तिच्या नंबरची खोकी परत बाहेर आली. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. घरी म्हशी होत्या, पोरं होती, बायकांनी तिला नाही नाही ते ऐकवलं. ती एकेक फळ हातात घेत गेली, आणि शेवटी एक माझ्या हातात दिलं. हलकं वाटत होतं खरं. शेवंताबाईनं सुरी घातली.

आत सगळे दाणे लालभडक. चांगलं फळ होतं.

ती रडायच्या बेतात आली. शेवंताबाईनं तिच्याकडं पाहिलं, फळाकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आता हुबी का? बांधा खोकी. आन ह्ये आना हिकडं." ते डाळिंब आम्ही टेम्पोत वाटून खाल्लं, तिला शिव्या देत देत. तिच्या वाट्यालाही आले दाणे.

मग नाशिककडच्या कंपनीचं बोलावणं आलं. जाऊन आली, पण त्या सकाळी 'कळवतो म्हणालेत' म्हणाली नाही. माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, एक चूक केलीय."

तिनं तिथं आमच्या कामाचं सांगितलं होतं. पट्ट्यावर उभी राहते, फळ निवडते, सगळं. तेव्हा साहेबांनी विचारलं, तुम्ही कुणाच्या हाताखाली काम केलं? त्यांचा फोन नंबर द्या, आम्ही बोलून घेऊ. आणि तिनं माझा नंबर दिला होता.

माझ्या हातातलं फळ पट्ट्यावर पडलं. "अगं, सुपरवायझरचा द्यायचा!"

"ते मला नावानं ओळखत नाहीत, मावशी. खोक्यावरच्या नंबरानं ओळखतात. मी शिकले तुमच्याजवळ. दुसऱ्याचं नाव कसं सांगू?"

शिकलेली पोरगी, आणि हाताखाली कुणाच्या, तर चौथी पास बाईच्या. हे ऐकून कोण नोकरी देणार? मला जेवण जाईना. फोन एप्रनच्या खिशात ठेवायला लागले. वाजू नये असं वाटायचं, आणि वाजला नाही तर तिचं काय, असंही वाटायचं.

वाजला तो डब्याच्या वेळी. नंबर अनोळखी. मी फोन शेवंताबाईपुढं धरला. तिनं तो परत माझ्याच हातात दाबला आणि मला क्रेटवर बसवलं. ती पोरगी त्या वेळी बाहेर नळावर डबा धूत होती.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला, सभ्य होता. त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं. "त्या तुमच्या हाताखाली काम करतात का?"

"व्हय," मी म्हणाले. मग वाटलं हे खोटं होतंय. "हाताखाली न्हाय, शेजारी."

"आपलं पद काय, मॅडम?"

"मी डाळिंब निवडते."

मग ते म्हणाले, "बरं. कामाला कशा आहेत त्या?"

चांगली हाय, एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. पण चांगली तर सगळेच म्हणतात. मी त्यांना त्या संध्याकाळचं सांगितलं. तिच्या हातून हलकं फळ गेलं, ती आपणहून बोलली, टेम्पो थांबवून खोकी उघडली, सगळं. समोर शेवंताबाई कपाळ बडवत होती, हातानं 'नको, नको' करत होती. माझं तोंड एकदा सुटलं ते थांबेना.

"मग? खराब निघालं का ते फळ?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय, साहेब. चांगलं निघालं."

"मग काय केलं?"

"खाल्लं आमी."

पलीकडं काहीतरी आवाज झाला. हसले की खोकले, मला कळलं नाही. "बरं, मॅडम," ते म्हणाले. "कळवतो."

फोन बंद झाला. शेवंताबाई माझ्यावर तुटून पडली. "अगं बये, चुकी कशाला सांगितलीस? चुकी सांगत्यात व्हय पावन्याला? सोयरीक मोडलीस पोरीची!" मी फोन हातात धरून तशीच बसले. इतके दिवस आम्ही ज्या शब्दावर हसत होतो तो आपल्या कानात पडला की कसा लागतो, ते मला त्या क्रेटवर कळलं. आणि ही पोरगी तो शब्द ऐकून, रात उलटली की गुमान एप्रन बांधत आली होती.

ती आत आली. आमची तोंडं बघून तिला कळलं. मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. तिनं ऐकून घेतलं, आणि मग माझ्या डोक्यावरची वाकडी झालेली टोपी सरळ केली.

"खाल्लं, हेपण सांगितलंत?"

"सांगितलं."

"बरं केलंत," ती म्हणाली. "चला, पट्टा सुरू होईल."

नेमणुकीचं पत्र आलं. तिनं ते शेवंताबाईला दिलं, तिनं ते उलटसुलट पाहिलं आणि माझ्याकडं दिलं. इंग्रजीत होतं. त्यातलं पोरीचं नाव तेवढं मला लागलं. तिनं पहिला फोन आईला केला नाही, बहिणीला केला. एवढंच म्हणाली, "फॉर्म भर."

शेवटच्या दिवशी तिनं एप्रन धुऊन, घडी घालून आणला होता. टेम्पो सुटताना मी विचारलं, "परत कधी यायचीस?" ती हसत म्हणाली, "कळवते."

आणि कळवलंही. अधूनमधून फोन येतो. बहीण पुण्याला शिकतेय. माझ्याशी फोनवर बोललेल्या साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, खोकी उघडलीत त्या संध्याकाळी मग घरी किती उशिरा पोचलात? बाकी त्यांनी काही विचारलं नाही, असं ती सांगते.

आता पुन्हा हंगाम सुरू झालाय. माझ्या डाव्या हाताला लासुर्ण्याकडची एक नवी बाई असते, कामाला बरी आहे. परवा एक फळ हाताला हलकं लागलं. न बघता मी ते डावीकडं धरलं, आणि पट्ट्यावरची पुढची फळं बघत राहिले.

"काय वो मावशी? मला कशाला देताव?" ती बाई म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी मघापासून हात तसाच धरून उभी आहे.